जहाजविरोधी बॅलिस्टिक क्षेपणास्त्र

जहाजविरोधी बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हे समुद्रातील चालत्या जहाजावर, विशेषतः विमानवाहू नौकेसारख्या मोठ्या युद्धनौकेवर, मारा करण्यासाठी तयार केलेले बॅलिस्टिक क्षेपणास्त्र होय. सर्वसाधारण बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचे लक्ष्य शहर, विमानतळ किंवा लष्करी तळ असे स्थिर असते आणि त्याचे स्थान आधीच ठाऊक असते. या प्रकारात मात्र क्षेपणास्त्र सुटल्यानंतरही लक्ष्य आपली जागा बदलत राहते. त्यामुळे उड्डाणाच्या अखेरच्या टप्प्यात जहाज शोधून काढणारी शोधक यंत्रणा आणि त्यानुसार दिशा बदलण्याची क्षमता ही या अस्त्राची दोन आवश्यक अंगे ठरतात.

या अस्त्राची कल्पना सोव्हिएत संघाने १९६० च्या दशकात प्रथम हाती घेतली. ते मोठ्या प्रमाणावर सेवेत आणणारा पहिला देश चीन होय. प्रत्यक्ष संघर्षात त्याचा पहिला वापर २०२३ च्या अखेरीस येमेनमधील हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात केला. विमानवाहू नौकांचा काळ संपला काय, हा प्रश्न या अस्त्रामुळे नौदलांच्या चर्चेत आला असला, तरी आजवर एकाही विमानवाहू नौकेला अशा क्षेपणास्त्राचा आघात झालेला नाही. त्याचे प्रत्यक्ष बळी ठरली आहेत ती मालवाहू जहाजे आणि त्यांवरील खलाशी.

स्वरूप

जहाजांवर मारा करणारी बहुतेक क्षेपणास्त्रे क्रूझ प्रकारची असतात. क्रूझ क्षेपणास्त्र लहान विमानाप्रमाणे हवेतून, बहुधा समुद्रपृष्ठालगत, इंजिनाच्या साहाय्याने उडत जाते. १९६७ मध्ये इजिप्तच्या क्षेपणास्त्र नौकांनी इस्रायलची ‘इलात’ ही विनाशिका बुडवली, १९७१ च्या डिसेंबरमध्ये भारतीय नौदलाने कराचीवर हल्ला केला आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनची ‘शेफील्ड’ ही विनाशिका गमावली गेली. या तिन्ही घटनांत वापरलेली क्षेपणास्त्रे याच जातीची होती.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची गती निराळी असते. भिरकावलेला दगड जसा वर जाऊन वक्राकार मार्गाने खाली येतो, त्याच तत्त्वावर ते प्रवास करते. त्याचे रॉकेट सुरुवातीची एक-दोन मिनिटे जळते. त्यानंतर मिळालेल्या वेगाच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या बळावर वॉरहेड, म्हणजे स्फोटक भरलेला अग्रभाग, पुढे जातो. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे वातावरणाबाहेर शेकडो किलोमीटर उंचीवर जाऊन परत येतात. जहाजाच्या दृष्टीने पाहता क्रूझ क्षेपणास्त्र क्षितिजाकडून येते, तर बॅलिस्टिक क्षेपणास्त्र माथ्यावरून तीव्र कोनात कोसळते. सुमारे १,५०० किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचे वॉरहेड वातावरणात परतताना त्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे दहापट असतो. एवढ्या वेगाने येणाऱ्या वस्तूचा केवळ आघातही मोठी हानी करू शकतो. स्फोटकाची शक्ती त्यात भर घालते.

कार्यपद्धती

चालत्या लक्ष्याची अडचण

या अस्त्रापुढील मूळ अडचण साध्या गणिताने स्पष्ट होते. मोठी विमानवाहू नौका ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, वेगाने जाऊ शकते. १,५०० किलोमीटर अंतर कापण्यास क्षेपणास्त्राला सुमारे १२ मिनिटे लागतात असे मानले, तर तेवढ्या अवधीत नौका ११ किलोमीटर दूर गेलेली असू शकते. ती कोणत्या दिशेला वळेल हे ठाऊक नसल्याने ११ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात, म्हणजे सुमारे ३८० चौरस किलोमीटर क्षेत्रात, ती कोठेही सापडू शकते. नौकेचे स्थान सांगणारी माहिती क्षेपणास्त्र सोडतेवेळी अर्धा तास जुनी असेल, तर हेच क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर होते. एवढ्या पाण्यात शोधावयाचे लक्ष्य असते सुमारे ३३० मीटर लांबीचे.

म्हणूनच माहिती किती ताजी आहे यावर या अस्त्राचे यश मुख्यत्वे अवलंबून असते. क्षेपणास्त्राचा पल्ला आणि वेग त्यानंतर येतात.

माऱ्याची साखळी

जहाजावर यशस्वी मारा होण्यासाठी एकामागून एक अनेक कामे पार पडावी लागतात. प्रथम विस्तीर्ण समुद्रात जहाजांचा ताफा शोधावा लागतो. त्यानंतर त्यातील विमानवाहू नौका कोणती आणि तेलवाहू किंवा मालवाहू जहाज कोणते हे ओळखावे लागते. तिचा सतत मागोवा घ्यावा लागतो, ती माहिती आज्ञाकेंद्रामार्फत क्षेपणास्त्राच्या तुकडीपर्यंत पोहोचवावी लागते आणि आज्ञा मिळताच मारा करावा लागतो. शक्य असेल तेथे उड्डाणादरम्यान क्षेपणास्त्राला नवे स्थान कळवले जाते. शेवटी शोधक यंत्रणा लक्ष्य पकडते. या क्रमाला माऱ्याची साखळी असे म्हणतात. त्यातील एक कडी तुटली तरी क्षेपणास्त्र रिकाम्या समुद्रात पडते.

शोधाच्या कामासाठी अनेक साधने वापरली जातात. किनाऱ्यावरील सामान्य रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरचे जहाज दिसत नाही. क्षितिजापलीकडचे रडार आपल्या लहरी आयनांबरावरून परावर्तित करून हजारो किलोमीटरवरील हालचाल टिपू शकते; मात्र त्यातून मिळणारे स्थान ढोबळ असते. रडार उपग्रह ढगांतून आणि रात्रीही पाहू शकतात, तर काही उपग्रह जहाजांच्या रडारच्या व संदेशवहनाच्या लहरी ऐकून त्यांचा ठाव घेतात. पृथ्वीजवळून फिरणारा एकच उपग्रह समुद्राच्या एखाद्या भागावर थोडाच वेळ असतो. म्हणून सातत्याने नजर ठेवण्यासाठी पुष्कळ उपग्रहांची आवश्यकता असते. यांखेरीज गस्ती विमाने, चालकरहित विमाने, पाणबुड्या आणि मासेमारी नौकांसारखी साधी दिसणारी जहाजेही माहिती पुरवू शकतात.

अखेरचा टप्पा

वॉरहेड वातावरणात शिरताना घर्षण व दाबामुळे प्रचंड तापते आणि त्याच्याभोवती विद्युतभारित वायूचे आवरण तयार होऊन रडार लहरींना अडथळा येतो. शोधक यंत्रणेला पाहता यावे यासाठी वॉरहेडचा वेग काही प्रमाणात कमी करावा लागतो. मग रडार, अवरक्त किरण किंवा कॅमेरा यांच्या साहाय्याने ती जहाज शोधते आणि वॉरहेड लहान पंखांच्या आधारे आपला मार्ग सुधारते. या साऱ्याला काही सेकंदांचाच अवधी मिळतो. वेग कमी केल्यास लक्ष्य पकडणे सोपे होते, पण त्याच वेळी वॉरहेड पाडणेही सोपे होते. रचनाकारांना या दोहोंत मेळ घालावा लागतो.

इतिहास

सोव्हिएत प्रयत्न

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या विमानवाहू नौका सोव्हिएत संघाच्या दृष्टीने मोठा धोका होत्या. त्यांवर उपाय म्हणून मकेयेव्ह रचना कार्यालयाने ‘आर-२७’ या पाणबुडीवरील क्षेपणास्त्रापासून ‘आर-२७के’ हा जहाजविरोधी प्रकार तयार केला. त्याचा पल्ला सुमारे ९०० किलोमीटर होता. शत्रूच्या जहाजांच्या रडार लहरी पकडून ते आपला मार्ग सुधारत असे. अचूकतेतील उणीव भरून काढण्यासाठी त्यावर अण्वस्त्र बसवण्याची योजना होती. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘के-१०२’ या पाणबुडीवरून त्याच्या चाचण्या झाल्या, परंतु ते व्यापक प्रमाणात सेवेत आले नाही. पाणबुड्यांवरील अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या संख्येवर अमेरिकेशी झालेल्या करारांनी मर्यादा घातली होती, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते.

जहाजे शोधण्यासाठी सोव्हिएत संघाने ‘लेगेंदा’ ही उपग्रहमाला उभारली होती. तिच्यातील रडार उपग्रहांना वीज पुरवण्यासाठी छोट्या अणुभट्ट्या बसवलेल्या असत. त्यांपैकी ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये उत्तर कॅनडात कोसळला आणि त्याचे किरणोत्सर्गी अवशेष विस्तृत प्रदेशात विखुरले. समुद्रावर सतत नजर ठेवणे त्या काळात किती अवघड होते, हे या घटनेवरून दिसते.

पर्शिंग-२ आणि १९८७ चा करार

अमेरिकेने १९८० च्या दशकात युरोपात तैनात केलेले ‘पर्शिंग-२’ हे क्षेपणास्त्र जहाजविरोधी नव्हते. परंतु त्याचे वॉरहेड अखेरच्या टप्प्यात रडारने जमिनीचे चित्र घेऊन ते स्मृतीतील चित्राशी ताडून पाहत असे आणि त्यानुसार आपली दिशा सुधारत असे. अचूक मारा करणाऱ्या पुढील बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या दृष्टीने हे तंत्र महत्त्वाचे ठरले. १९८७ मध्ये अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारान्वये जमिनीवरून डागली जाणारी ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली. चीन या कराराचा पक्ष नसल्याने त्याच्यावर असे बंधन आले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिका या करारातून बाहेर पडली.

तैवानचा पेचप्रसंग

१९९५-९६ मध्ये चीनने तैवानच्या आसपासच्या समुद्रात क्षेपणास्त्रांच्या चाचण्या केल्या. त्याला उत्तर म्हणून मार्च १९९६ मध्ये अमेरिकेने ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘निमित्झ’ या विमानवाहू नौकांचे ताफे त्या भागाकडे पाठवले. त्या वेळी चीनकडे या ताफ्यांना दूर ठेवण्याचे प्रभावी साधन नव्हते. पुढील काळात चीनने जहाजविरोधी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांवर दिलेला भर या अनुभवाशी जोडला जातो.

चीन

चीनचे ‘डीएफ-२१डी’ हे या वर्गातील सर्वाधिक चर्चिलेले क्षेपणास्त्र आहे. ‘डीएफ’ ही ‘डाँगफेंग’ म्हणजे ‘पूर्वेचा वारा’ या चिनी नावाची आद्याक्षरे आहेत. त्याचा पल्ला सुमारे १,५०० किलोमीटर असून ते मोठ्या चाकांच्या वाहनावरून डागले जाते. वाहन सतत जागा बदलू शकत असल्याने ते डागण्यापूर्वी नष्ट करणे कठीण असते. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक विभागाचे तत्कालीन प्रमुख ॲडमिरल रॉबर्ट विलार्ड यांनी या क्षेपणास्त्राने प्राथमिक कार्यक्षमता गाठल्याचे सांगितले. सप्टेंबर २०१५ मध्ये बीजिंग येथील संचलनात ते जाहीरपणे दाखवण्यात आले.

त्याच संचलनात ‘डीएफ-२६’ हे सुमारे ४,००० किलोमीटर पल्ल्याचे क्षेपणास्त्रही सामील होते. चीनच्या भूमीवरून गुआम बेटापर्यंत पोहोचू शकणाऱ्या या क्षेपणास्त्रावर पारंपरिक किंवा अण्वस्त्र वॉरहेड बसवता येते. त्याचा एक प्रकार जहाजांवर मारा करण्यासाठी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रात क्षेपणास्त्रे डागून सराव केला. २०२१ मध्ये तकलामकान वाळवंटातील अमेरिकी विमानवाहू नौकेच्या आकाराच्या लक्ष्यांची उपग्रह छायाचित्रे प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये चिनी नौदलाने विनाशिकेवरून ‘वायजे-२१’ हे क्षेपणास्त्र डागल्याची चित्रफीत प्रसृत झाली. त्यामुळे ही क्षमता केवळ जमिनीवरील तुकड्यांपुरती उरलेली नाही, हे स्पष्ट झाले.

शोधाच्या कामासाठी चीनने ‘याओगान’ मालिकेतील अनेक उपग्रह सोडले आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये सोडलेला ‘गाओफेन-४’ हा उपग्रह भूस्थिर कक्षेत असल्याने एकाच प्रदेशाकडे सतत पाहू शकतो. त्याच्या चित्रात ५० मीटरहून लहान तपशील दिसत नाही, परंतु ३०० मीटर लांबीची नौका व तिच्यामागील पाण्याचा पट्टा शोधण्यास तो उपयोगी पडू शकतो.

इराण

इराणने २०११ मध्ये ‘खलीज फार्स’ म्हणजे ‘पर्शियन आखात’ या नावाचे क्षेपणास्त्र जाहीर केले. ते ‘फतेह-११०’ या जमिनीवरील लक्ष्यांसाठीच्या क्षेपणास्त्रावर आधारलेले असून त्याचा पल्ला सुमारे ३०० किलोमीटर आहे. त्याच्या अग्रभागी कॅमेऱ्यासारखी प्रकाशीय शोधक यंत्रणा असते. चीनला खुल्या महासागरात दूरवरचे जहाज शोधावे लागते. इराणचे लक्ष मुख्यतः पर्शियन आखात व होर्मुझची सामुद्रधुनी या अरुंद जलमार्गांवर आहे. अशा ठिकाणी अंतर कमी, उड्डाणाचा वेळ थोडा आणि जहाजांचा मार्ग ठरलेला असल्याने साधी क्षेपणास्त्रेही उपयुक्त ठरतात. जानेवारी २०२१ मध्ये इराणने सुमारे १,८०० किलोमीटर अंतरावरून हिंदी महासागरातील लक्ष्यांवर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे डागल्याचे जाहीर केले.

तांबड्या समुद्रातील वापर

गाझातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर हुती बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ पासून तांबडा समुद्र आणि एडनचे आखात या भागातील जहाजांवर हल्ले सुरू केले. त्यांनी चालकरहित विमाने, क्रूझ क्षेपणास्त्रे व स्फोटक भरलेल्या नौका यांबरोबरच इराणी बनावटीच्या किंवा इराणी रचनेवर आधारलेल्या जहाजविरोधी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचाही वापर केला.

२६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर असे एक क्षेपणास्त्र आदळून मोठी आग लागली. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. भारतीय नौदलाची ‘विशाखापट्टणम’ ही विनाशिका मदतीस धावली. तिच्यावरील अग्निशामक पथकाने जहाजावरील खलाश्यांच्या बरोबरीने काम केले. अमेरिकी व फ्रेंच युद्धनौकांनीही साहाय्य केले आणि आग आटोक्यात आली.

१८ फेब्रुवारी २०२४ रोजी खत घेऊन निघालेल्या ‘रुबीमार’ या मालवाहू जहाजावर आघात झाला. खलाशी जहाज सोडून गेले, पण पाणी शिरत असलेले जहाज अनेक दिवस वाहत राहिले आणि २ मार्च रोजी बुडाले. त्याच्या ओढल्या गेलेल्या नांगरामुळे समुद्रतळावरील दूरसंचार केबल तुटल्या असाव्यात, असे मानले जाते. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावरील माऱ्यात तीन खलाशी मृत्युमुखी पडले. त्यांपैकी दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी होता. हुतींच्या या मोहिमेतील हे पहिले खलाशी बळी होत. भारतीय नौदलाच्या ‘कोलकाता’ या विनाशिकेने एका भारतीयासह २१ जणांची सुटका केली. ‘विशाखापट्टणम’ आणि ‘कोलकाता’ या दोन्ही विनाशिका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आहेत.

याच काळात तेथे तैनात असलेल्या ‘आयझेनहॉवर’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवर आघात केल्याचे दावे हुतींनी अनेकदा केले. अमेरिकेने ते फेटाळले आणि नौका सुस्थितीत मायदेशी परतली. तिच्या सोबतच्या विनाशिकांनी अनेक क्षेपणास्त्रे हवेतच पाडली. एप्रिल २०२५ मध्ये ‘ट्रूमन’ या नौकेवरून एक लढाऊ विमान समुद्रात पडले. हुतींचा मारा चुकवण्यासाठी नौकेने घेतलेल्या तीव्र वळणाच्या वेळी हे घडल्याचे वृत्त होते.

या हल्ल्यांमुळे अनेक कंपन्यांनी सुएझ कालव्याचा मार्ग सोडून जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेली. न्हावा शेवा बंदरासारख्या ठिकाणांहून युरोपकडे जाणाऱ्या मालालाही अधिक दिवस आणि अधिक भाडे लागू लागले. विमानवाहू नौकेला धक्का न लावताही या अस्त्राने जागतिक व्यापाराचा एक प्रमुख मार्ग मोठ्या प्रमाणात ओस पाडला.

विमानवाहू नौकांना असलेला धोका

अमेरिकेच्या ‘निमित्झ’ वर्गातील नौकेची लांबी सुमारे ३३३ मीटर आणि वजन सुमारे एक लाख टन असते. तिच्यावर साठ-सत्तर विमाने आणि सुमारे पाच हजार माणसे असतात. ‘जेराल्ड फोर्ड’ या नव्या नौकेच्या बांधणीस सुमारे १३ अब्ज डॉलर खर्च आला. अशी एक नौका गमावणे म्हणजे सामर्थ्य, प्रतिष्ठा आणि हजारो प्राण एकाच वेळी पणाला लागणे होय.

अशी नौका बुडवणे मात्र सोपे नाही. २००५ मध्ये अमेरिकेने ‘अमेरिका’ ही निवृत्त विमानवाहू नौका प्रयोगासाठी स्फोटांच्या माऱ्याखाली ठेवली. ती बुडण्यास सुमारे चार आठवडे लागले. परंतु नौका निकामी होण्यासाठी ती बुडण्याची गरज नसते. धावपट्टीला भगदाड पडले, विमाने वेगाने सोडणारी यंत्रणा मोडली किंवा डेकवरील इंधन व दारूगोळा पेटला, तरी विमाने उडू शकत नाहीत. १९६७ मध्ये ‘फॉरेस्टल’ या नौकेवर चुकून सुटलेल्या एका रॉकेटमुळे लागलेल्या आगीत १३४ जण मृत्युमुखी पडले. ती नौका तरली, पण त्या युद्धमोहिमेतून तिला माघार घ्यावी लागली.

धोक्याचे दुसरे रूप अंतराशी संबंधित आहे. विमानवाहू नौकेवरील लढाऊ विमाने हवेत इंधन न भरता साधारणपणे एक हजार किलोमीटरच्या आसपास जाऊन परत येऊ शकतात. क्षेपणास्त्राचा पल्ला १,५०० किंवा ४,००० किलोमीटर असेल, तर विमाने लक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधीच नौका माऱ्याच्या टप्प्यात येते. अशा स्थितीत एकही क्षेपणास्त्र न डागता प्रतिपक्षाला दूर ठेवता येते.

संरक्षणाचे उपाय

माऱ्याच्या साखळीतील प्रत्येक कडी हे संरक्षणाचेही स्थान असते. सर्वांत आधीचा उपाय म्हणजे सापडू न देणे. ताफा आपली रडार व संदेशवहन यंत्रे बंद ठेवून जातो, उपग्रहांच्या फेऱ्यांच्या वेळा पाहून मार्ग बदलतो आणि खोट्या लहरी सोडून शत्रूची दिशाभूल करतो. शत्रूची संदेशयंत्रणा किंवा उपग्रहांचे संपर्क विस्कळीत करणे हाही याच प्रकारचा उपाय होय.

क्षेपणास्त्र सुटल्यावर त्याला पाडण्याचे काम सोबतच्या विनाशिका व क्रूझर करतात. अमेरिकेच्या एजिस प्रणालीतील ‘एसएम-३’ हे प्रतिक्षेपणास्त्र वातावरणाबाहेर, तर ‘एसएम-६’ हे अखेरच्या टप्प्यात वॉरहेडचा वेध घेते. अगदी शेवटी शोधक यंत्रणेला चकवण्यासाठी फसवी लक्ष्ये, धातूच्या चकाकत्या पट्ट्या आणि रडार लहरींत गोंधळ निर्माण करणारी साधने वापरली जातात.

या उपायांची मर्यादा संख्येची आहे. अमेरिकी विनाशिकेवर क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या ९० ते ९६ उभ्या नळ्या असतात आणि त्यांतील क्षेपणास्त्रे अनेक कामांसाठी वाटलेली असतात. त्या संपल्यावर पुन्हा भरण्यासाठी सामान्यतः बंदरात जावे लागते. एकाच वेळी अनेक दिशांनी बॅलिस्टिक व क्रूझ क्षेपणास्त्रे आली, तर संरक्षण अपुरे पडू शकते.

मतमतांतरे

विमानवाहू नौकांचे टीकाकार म्हणतात की, एका नौकेच्या किमतीत शत्रू फार मोठ्या संख्येने क्षेपणास्त्रे उभी करू शकतो; त्यामुळे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. अमेरिकी नौदलातील अधिकारी हेन्री हेंड्रिक्स यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशीच भूमिका मांडली होती.

समर्थकांच्या मते जमिनीवरील विमानतळ हलत नाही, त्याचे स्थान नकाशावर असते आणि त्याच्यावरील मारा अधिक सोपा असतो. चालती नौका त्या मानाने सुरक्षितच आहे. तांबड्या समुद्रातील अनुभवही दोन्ही बाजूंनी सांगितला जातो. अनेक महिने मारा होऊनही एकाही विमानवाहू नौकेला आघात झाला नाही, ही एक बाजू. हुतींकडे चीनसारखी उपग्रहमाला नव्हती आणि त्यांची क्षेपणास्त्रे कमी पल्ल्याची होती, ही दुसरी. ज्या चीनने हे अस्त्र विकसित केले तो देश स्वतः ‘लिआओनिंग’, ‘शानडाँग’ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सेवेत आलेली ‘फुजिआन’ अशा विमानवाहू नौका बाळगून आहे, याकडेही लक्ष वेधले जाते.

अण्वस्त्राविषयीचा संभ्रम हा या चर्चेतील गंभीर मुद्दा आहे. ‘डीएफ-२६’ सारखे क्षेपणास्त्र आकाशात असताना त्यावर पारंपरिक वॉरहेड आहे की अण्वस्त्र, हे प्रतिपक्षाला समजू शकत नाही. निर्णयासाठी काही मिनिटेच हाती असताना चुकीचा अंदाज अणुयुद्धाला कारण ठरू शकतो. ज्या तळावरून ही क्षेपणास्त्रे डागली जातात त्यांवर प्रतिहल्ला केल्यास शत्रूला तो आपल्या अण्वस्त्रांवरील हल्ला वाटण्याचाही धोका असतो.

भारत आणि शेजारी देश

भारताकडे ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ या दोन विमानवाहू नौका आहेत. कोची येथे बांधलेली ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. तिची लांबी २६२ मीटर आणि वजन सुमारे ४५,००० टन आहे. हिंदी महासागराचा बराच भाग चीनच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात येतो. पाकिस्तानी नौदलाने ४ नोव्हेंबर २०२४ रोजी जहाजावरून डागल्या जाणाऱ्या ३५० किलोमीटर पल्ल्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. ते जमिनीवरील व समुद्रातील लक्ष्यांवर मारा करू शकते, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. त्यामुळे अरबी समुद्रातील भारतीय ताफ्यालाही या प्रश्नाचा विचार करावा लागतो.

संरक्षण संशोधन व विकास संस्थेने १६ नोव्हेंबर २०२४ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यानजीकच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम बेटावरून १,५०० किलोमीटरहून अधिक पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी केली. हे अस्त्र नौदलाच्या जहाजविरोधी कामासाठी असल्याचे मानले जाते. रॉकेटने वर नेल्यानंतर ते ठरावीक वक्रमार्गाने न जाता वातावरणात तरंगत पुढे सरकते. या अर्थाने ते शुद्ध बॅलिस्टिक क्षेपणास्त्राहून वेगळे असले, तरी त्याचा हेतू तोच आहे. त्याच्या पूर्ण उपयोगासाठी समुद्रावर सतत नजर ठेवणारे उपग्रह व गस्ती विमाने यांची साखळी भारतालाही तितकीच आवश्यक आहे.